महाजनहो, आधी माप घ्या

गोव्यातील समस्त देवस्थानांचे महाजन (देवस्थानाच्या कारभाराचे वंशपरंपरागत हक्कदार), अध्यक्ष, मुखत्यार आणि समिती सदस्य यांस,

सा. न. वि. वि.

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, की आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या पावत्या फिरू लागतात. यंदाही एक पत्रक घरी आले. ‘जुने मंदिर पूर्णपणे उतरवून त्याच जागी भव्य मंदिर उभारण्याचा संकल्प’ असे त्यात लिहिले होते. वर रंगीत चित्र होते, संगमरवराची पायरी, काचेचे दरवाजे, उंच शिखर. खाली देणगीचे दर होते. जे देऊळ उतरवायचे आहे त्याचे मात्र एकही चित्र त्यात नव्हते. हे पत्र त्या एका समितीसाठी नाही. गावागावांत हेच चालले आहे, म्हणून सर्वांनाच लिहितो आहे.

माझी ओळख एवढीच की मी फोंडा तालुक्यातला, मेस्ताच्या घरातला. आजोबा देवळाचे सुतारकाम करायचे. मी इंजिनिअर झालो आणि बत्तीस वर्षे काँक्रीटची कामे केली. पाण्याच्या टाक्या, शाळा, छोटे पूल. त्यामुळे सिमेंटचा मला तिटकारा आहे असे कृपया समजू नका. सिमेंट कुठे चालते आणि कुठे घात करते हे हातांनी शिकलो आहे, म्हणूनच बोलायचे धाडस करतो.

आमच्या गावच्या देवीचे देऊळ पंधरा वर्षांपूर्वी उतरवले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण मला कोणाला उघडे पाडायचे नाही, आणि त्या समितीतले काही जण आज हयातही नाहीत. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, वर कौले, चौकात आठ लाकडी खांब. प्रत्येक खांब एकेका झाडाचा, खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर कमळासारखा उमलणारा. खांबांच्या माथ्यावरून तुळया, तुळयांच्या तोंडाला पोपट. गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर कावी होती. शिंपल्यांचा चुना, बारीक रेती आणि माडाचा गूळ एकत्र कुटून, कुजत ठेवून केलेला गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा वर आणलेला. वेलबुट्टी, हंस, दोन सिंह. एका सिंहाचे तोंड चितारताना कारागिराचा हात हलला होता, त्यामुळे तो हसतो आहे असे आम्हा मुलांना वाटायचे.

मृग लागण्याआधी आजोबा शिडी लावून वर चढायचे. फुटलेली कौले बदलायची, कुजलेली रीप काढायची, पावळीचे, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारे, पाणी भिंतीपासून किती दूर पडते ते बघायचे. दोन दिवसांचे काम. त्याच्या मोबदल्यात देवस्थानाकडून भात मिळायचे. ही दोन दिवसांची चाकरी ज्या वर्षी बंद पडली त्या वर्षापासून देऊळ जीर्ण व्हायला लागले, एवढी साधी गोष्ट आहे. दहा वर्षे कौले कोणी बघितली नाहीत, एक तुळई भिजून काळी पडली, आणि मग सभेत ठराव झाला की इमारत धोकादायक आहे. धोका एका तुळईचा होता, उतरवले सगळे. जेसीबीला दोन दिवस पुरले. हसरा सिंह मातीच्या ट्रकातून गेला.

नवीन देऊळ स्लॅबचे झाले. सातव्या वर्षी स्लॅबला गळती लागली. याची कारणे मी कोणालाही समजावून सांगू शकतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. हवा खारी. सपाट स्लॅबवर पाणी थांबते, बारीक भेगांतून आत झिरपते, सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते, म्हणून छताचे पोपडे पडतात. आज त्या देवळाच्या स्लॅबवर लोखंडी खांब रोवून पत्र्याचे उतरते छप्पर घातले आहे. म्हणजे सगळा खर्च करून आम्ही अखेर उतरत्या छपराशीच आलो, फक्त कौलांच्या जागी पत्रा आला. पावसात आरती चालू असताना भटजींचा मंत्र ऐकू येत नाही.

आता मी तुम्हाला तांबडी सुर्ल्याला नेतो. तुमच्यातले बहुतेक जण महाशिवरात्रीला तिथे गेला असाल. मोलेच्या पुढे, भगवान महावीर अभयारण्याच्या रानात, रगाडो नदीच्या काठी, सह्याद्रीच्या पायथ्याशी ते महादेवाचे देऊळ उभे आहे. कदंब (गोव्याचे जुने राजघराणे) आणि यादव यांच्या शैलीचे, बाराव्या-तेराव्या शतकातले. आजही पूजा चालते, आणि देखरेख केंद्रीय पुरातत्त्व खात्याची. आकाराने ते लहान आहे. आपल्या आजच्या समित्यांच्या हिशेबाने तर फारच लहान, शंभर माणसेही आत मावायची नाहीत. पण एकदा तिथे दर्शन घेऊन झाल्यावर घाई न करता, बांधकाम बघायचे म्हणून उभे राहा.

दगड काळा, बेसॉल्ट. आपल्या पायाखालचा दगड जांभा. तो खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण छिद्रांचा असल्यामुळे बारीक कोरीवकाम त्यात टिकत नाही. म्हणून कोरायला योग्य असा काळा दगड घाटापलीकडून आणला असावा असे अभ्यासक मानतात. घाटातून, त्या रानातून. दगडावर दगड नुसते घडवून बसवले आहेत, मध्ये चुना नाही. गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांना जोडणारी छोटी जागा) आणि तीन बाजूंनी उघडा मंडप, एवढीच रचना. तोंड पूर्वेला, उगवतीचे ऊन आत यावे म्हणून. मंडपाच्या मधल्या चार खांबांवर छताचे दगडी कमळ तोललेले आहे. एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती कोरला आहे. मंडपात नंदी आहे, त्याचे मुंडके नाही. अंतराळाशी दगडाची जाळी आहे. शिखराच्या बाजूंवर शिव, विष्णू, ब्रह्मदेव.

हे सगळे माहितीपत्रकात मिळेल. मला दाखवायचे आहे ते मंडपाचे छप्पर. बाहेर येऊन वर बघा. दगडाच्या लांब फरशा उतरत्या घातल्या आहेत, एकीची कड दुसरीवर, अगदी कौलांसारख्या. ज्या माणसांना दगडात कमळ फुलवता येत होते त्यांना सपाट छत करता आले नसते असे नाही. पण सह्याद्रीच्या कुशीत पाऊस कसा कोसळतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पाणी थांबू द्यायचे नाही, हा विचार आधी आणि नक्षी नंतर. त्या छपराने सात-आठशे पावसाळे काढले आहेत.

माझ्या आजोबांनी तांबडी सुर्ल कधी पाहिले की नाही मला सांगता येणार नाही. पण ते पावळीकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर आणि त्या फरशा घालणाऱ्याची नजर एकच होती. चिरा, लाकूड, कौल, पुढे आलेली पावळी, श्वास घेणारा चुन्याचा गिलावा. चिऱ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते, आणि चुना ती ओल बाहेर जाऊ देतो. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार साचतात, आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो. मग समिती म्हणते, भिंत कुजली, पाडा. भिंत कुजलेली नसते. तिचा श्वास आपणच बंद केलेला असतो.

समित्यांशी बोलताना आणखी एक मुद्दा हमखास निघतो, आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचे आहे. सांगितले जाते की ही घुमटाची, कमानींची देवळे ‘आपली’ नाहीत, त्यात विजापूरचे आणि चर्चचे मिश्रण आहे, म्हणून आता शुद्ध शास्त्रोक्त शिखराचे मंदिर बांधू. त्यासाठी दूरच्या राज्यातून मूर्तिकार येतात, आणि गोव्यात कधीच नव्हते असे रंगीत गोपुर उभे राहते.

महाजनहो, ती देवळे तशी का झाली याचा विचार करा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, सासष्टी आणि बारदेशातली देवळे पाडली. लोकांनी देव पाटीत घेतले आणि रात्री नदी ओलांडली. मंगेश कुशस्थळीहून जुवारीपलीकडे प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, दामोदर मडगावहून जांबावलीला. नदीपलीकडचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून तिथे आसरा मिळाला. देव आला तेव्हा त्याच्यामागे कदंबांचा खजिना नव्हता. काळ्या दगडाचे पाथरवट नव्हते. पुढे बळ आले तसे बांधकाम वाढले. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले, शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने झालेले. ज्यांनी ही कामे केली त्यांनी हाताशी होता तो चिरा घेतला, रानात होती ती मट्टी, किंदळ, फणस घेतला. आजूबाजूला जी उत्तम बांधणी दिसत होती, घाटावरचा घुमट आणि खाली चर्चची अर्धवर्तुळाकार कमान, तिच्यातले जे आवडले तेही घेतले. त्यातून अष्टकोनी पायावरचा घुमट, मजल्यामजल्याची दीपमाळ, तळी, अग्रशाळा (भाविकांना उतरायची आवारातली इमारत) आणि तुळशीवृंदावन असलेले एक असे देवालय घडले, जे गोव्याबाहेर कुठेच सापडत नाही. घर सोडून आलेल्या माणसांनी देवासाठी पुन्हा कसे घर बांधले, त्याचा पुरावा आहे तो. यापेक्षा शुद्ध काय असते?

नार्व्याला जाऊन बघा. सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंबांचे आराध्य. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावर. बहामनी काळात ते उद्ध्वस्त झाले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभे केले, १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांनी पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात आणून ठेवले गेले. आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. शके १५९० चा शिलालेख तिथे आहे, त्यात ‘श्री शिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’ असे शब्द आहेत. त्या देवळालाही घुमट आहे, कौले आहेत, चिऱ्याच्या भिंती आहेत. ते अशुद्ध आहे असे म्हणायची आपली कोणाची छाती आहे? हे देऊळही जीर्ण झाले होते, गळत होते. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याची दुरुस्ती केली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. पाडून नवे बांधले नाही. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थच तो आहे, जीर्ण झालेल्याला वर उचलणे. जे उरलेच नाही त्याला उचलणार कसे?

कुर्डीचे उदाहरण तर त्याहून मोठे. साळावली धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार हे ठरले, तेव्हा तिथले जुने महादेवाचे देऊळ दगड दगड उतरवून सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ, पुन्हा जसेच्या तसे रचले. सगळा गाव बुडत असतानाही एका लहानशा देवळाचा प्रत्येक दगड मोजला गेला. आपल्या गावावर तर धरण येत नाही.

गर्दीचा मुद्दा मला मान्य आहे. जत्रेला, शिगम्याला, नवरात्रात चौकात उभे राहायला जागा नसते. पण त्यासाठी मंडप बाहेर वाढवता येतो, अग्रशाळा मोठी करता येते, तिथे काँक्रीटही खुशाल वापरा. वर्षातल्या दहा-बारा दिवसांच्या सोयीसाठी गाभारा आणि चौक पाडायची गरज नाही.

सर्वांत जास्त दुःख मला भंगलेल्या मूर्तींचे होते. आपल्या देवळांच्या आवारात, पिंपळाखाली, तळीच्या काठाला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, असतात, सतीचे दगड असतात, गजलक्ष्मी असते, महिषासुरमर्दिनी असते, कधी वेताळ. कित्येक कदंबांच्या काळातल्या. कदंबांचे आरमार कसे होते हे आज आपण बोलू शकतो, कारण ज्या वीरगळांवर गलबतांची लढाई कोरली आहे ते दगड कोणीतरी जपले आणि ते संग्रहालयापर्यंत पोचले. नागेशीच्या देवळात १४१३ चा शिलालेख उभा आहे, विजयनगरच्या काळातला. तो वाचता येतो, कारण त्याला कोणी पायात घातले नाही. पण जीर्णोद्धार निघाला की आवार ‘स्वच्छ’ होते. भंगलेली मूर्ती घरात-देवळात ठेवू नये म्हणून ती नदीत किंवा विहिरीत विसर्जित केली जाते. मी एका विसर्जनाला हजर होतो. हात तुटलेली महिषासुरमर्दिनी, कमरेपर्यंतची, चेहरा अजून तेजाळ. वाजत गाजत नेली आणि डोहात सोडली. कोणाच्या मनात पाप नव्हते, सगळे हात जोडून उभे होते. मीही हात जोडले आणि काही बोललो नाही. ते न बोलणे मला आजही बोचते, आणि हे पत्र लिहिण्याचे एक कारण तेही आहे. पूजेत ठेवायची नसेल तर ठेवू नका, शास्त्राचा मान राखा. पण विसर्जन करण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला एक अर्ज द्या. तिला संग्रहालयाच्या छपराखाली जागा मिळेल.

१९३३ च्या महाजनी कायद्याने आपल्या देवस्थानांचा कारभार चालतो. निवडणूक होते, जमाखर्च लिहिला जातो, अंदाजपत्रक मामलेदाराकडे जाते. देवीच्या दागिन्यांची यादी असते, नथीचे वजन गुंजेपर्यंत लिहिलेले असते. मात्र देवळाच्या खांबाची उंची, कमानीची रुंदी, कावीतल्या चित्रांची संख्या कोणत्याही वहीत नाही. दागिना चोरीला गेला तर काय गेले ते सांगता येते. आमचे देऊळ गेले तेव्हा काय गेले ते सांगायला माझ्यापाशी फक्त आठवण आहे. लग्नाचे चार फोटो मिळाले, त्यांत नवरा-नवरीच्या मागे एका खांबाचा अर्धा भाग दिसतो.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांच्या उभारणीसाठी सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात २० कोटी रुपये ठेवले होते. मी सांगतो त्याला एका जत्रेच्या रोषणाईइतकाही पैसा लागणार नाही. सभेत ‘उतरवायचे’ हा ठराव येण्यापूर्वी देवळाचे माप घ्या. जमिनीचा आराखडा, उभा छेद, प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई, दारावरची गणेशपट्टी, कावीचा प्रत्येक तुकडा, चारही बाजूंचे फोटो. पणजीला आल्तिनोवर आर्किटेक्चरचे महाविद्यालय आहे, तिथे पत्र पाठवून विचारा. कोणी आले नाही तर मला कळवा, मी माझी टेप घेऊन येईन, मानधन नको. माप घेताना माणूस प्रत्येक वस्तूजवळ जातो, हात लावतो, आणि मग त्याला दिसते की आठातले सात खांब ठणठणीत आहेत. कदाचित तुमचा ठराव तिथेच बदलेल. नाही बदलला तरी निदान वहीत काहीतरी उरेल.

दुरुस्ती करायची ठरली तर कलाकर्षणाचा विधी करून देवाला तात्पुरते हलवता येते, हे आपले पुरोहित जाणतात. कुजलेली तुळई बदला, नवी घाला. सिमेंटचा गिलावा खरवडून पुन्हा चुना लावा. चुना लावणारे हात आता थोडेच उरले आहेत. त्यांना काम मिळाले तरच ते पुढच्या पोरांना शिकवतील.

शेवटी माझ्या गावच्या समितीला, नाव न घेता, एक विनंती. आपल्या देवळाचे आठपैकी पाच खांब अग्रशाळेच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवले आहेत. त्यांवर घातलेली ताडपत्री गेल्या पावसात फाटली. परवा मी जाऊन बघितले. तीन खांबांची कमळे अजून शाबूत आहेत, चौथ्याला खालून वाळवी लागली आहे, पाचव्याला मी उलटे करून बघू शकलो नाही, एकट्याला उचलत नाही. मृगाला अजून वेळ आहे. चार माणसे द्या, आपण ते अग्रशाळेच्या आत नेऊन लाकडी ठोकळ्यांवर आडवे ठेवू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
देवीचा एक कुळावी